ड्रिल मास्तरांची दाढ

मोहनराव शिर्क्यांची डावी दाढ पंधरवडाभर ठणकत होती; पण दवाखान्याचं नाव काढलं की त्यांचा लवंगेच्या तेलावर एकदम विश्वास बसे. पाणीगेटजवळच्या मराठी शाळेत त्यांनी ड्रिल मास्तर म्हणून उभी हयात काढली होती. आजोबा संस्थानच्या पलटणीत होते, तो ताठपणा नातवाच्या कण्यात जसाच्या तसा उतरलेला. पांढऱ्या ड्रिल कापडाची, कडक इस्त्रीची पँट घालून ते मैदानावर आले की पोरं आपोआप रांगेत उभी राहत. असा माणूस दाताच्या डॉक्टरला घाबरतो, हे फक्त त्यांच्या बायकोला, विमलबाईंना ठाऊक होतं.

"आरशात बघा जरा, गालाचा बटाटेवडा झालाय," एके सकाळी त्या म्हणाल्या. "रिक्षा बोलावलीय. चला."

दवाखाना शहराच्या दुसऱ्या टोकाला, अकोट्यात, तिसऱ्या मजल्यावर. आत शिरताच डॉक्टरीणबाई हसतच पुढे आल्या.

"सर! मी शलाका. आठवी ब."

"ओळखलं. तुझं डावं-उजवं कायम चुकायचं."

"आता नाही चुकत. दाढ डावीच ना? बसा खुर्चीत."

मोहनराव बसले. शलाकाने गळ्याशी निळा रुमाल अडकवला, दाढ तपासली आणि बधिर करायचं इंजेक्शन दिलं. हळूहळू अर्धा ओठ कुठे गेला ते त्यांना कळेना. मग तिने एक बारीक टोकाचं यंत्र हातात घेतलं.

"हे काय?"

"ड्रिल, सर."

"हे कसलं ड्रिल?" मोहनरावांच्या स्वरात घोर अपमान होता. ते यंत्र सूंऽऽ करून फिरायला लागलं, तशी त्यांनी खुर्चीचे हात घट्ट पकडले. आणि नेमक्या त्याच वेळी जिन्यात भोंगा वाजला.

"अगंबाई," शलाका म्हणाली, "आज आगीचं ड्रिल आहे. वॉचमन सकाळी सांगून गेला होता, विसरलेच मी. सर, आपल्याला खाली जावं लागेल."

असा आनंद मोहनरावांना निवृत्तीच्या सत्कारातही झाला नव्हता. रुमाल गळ्यात तसाच ठेवून ते दारापर्यंत पोचलेसुद्धा.

जिन्यात मात्र त्यांचा आनंद मावळला. वरच्या मजल्यावरच्या क्लासची पोरं धडाधड उतरत होती. खालच्या ऑफिसातला एकजण मधल्या वळणावर उभा राहून मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. एक गुजराती बेन डबा विसरला म्हणून वर चढू पाहत होत्या. "चालो, चालो!" असं सगळेच ओरडत होते आणि हलत कुणीच नव्हतं. क्लासच्या मॅडम, सानवी, हात पसरून पोरांना मागे रेटत होत्या. तेवढ्यात मागून लोंढा आला आणि एक लहान मुलगी कठड्यावर दाबली जाऊन किंचाळली.

मोहनरावांनी छाती भरून श्वास घेतला.

"हावधाऽऽन!"

ओठ साथ देत नव्हता, पण आवाज तोच होता, मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. जिना गप्प झाला. गळ्यात निळा रुमाल, तोंड एका बाजूला वाकडं आणि पाठ सरळसोट, असा तो म्हातारा पाहून हसावं की घाबरावं, हे कुणालाच उमजेना.

"फोरं फिंतीकडे! फोठी कठड्याकडे!"

"पोरं भिंतीकडे, मोठी माणसं कठड्याकडे," मागून शलाकाने भाषांतर केलं.

"फोबाइल खिशात! बेन, डबा राहू दे. लेफ... राइत... लेफ..."

मोहनरावांनी त्या मुलीचा हात धरला. पोरांना गंमत वाटली आणि ती पाय आपटत तालात उतरू लागली. मोठेही नकळत पावलं जुळवायला लागले. सगळी वरात धक्का न लागता कंपाउंडात पोचली.

अग्निशमन दलाचा अधिकारी पुढे आला. "काका, तुम्ही आमच्याच खात्यातले का?"

"ड्रिल फास्तर," मोहनरावांनी अभिमानाने सांगितलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. त्या गडबडीत ते फाटकाकडे सरकले. रिक्षाला हात करणार, इतक्यात विमलबाई आडव्या आल्या.

"निघालात कुठे?"

"दुखत नाही आता. बरं वाटतंय."

"ते इंजेक्शन आहे, सर," शलाका मागे येऊन उभी होती. मग तिने घसा साफ केला आणि हुकूम सोडला, "पीछे मुड!"

मोहनरावांच्या टाचा जुळल्या आणि ते गर्रकन फिरले. वळून झाल्यावर आपण काय केलं ते त्यांच्या लक्षात आलं. समोर क्लासची सगळी पोरं डोळे मोठे करून बघत होती. ती लहान मुलगीही. तिच्यासमोर पळून जाणं त्यांना जमेना.

"चल बाई," ते म्हणाले. "फण हळू हं, शलाके."

"दुखलं तर हात वर करा. लगेच थांबेन."

ते पुन्हा खुर्चीत आडवे झाले. यंत्र सुरू झालं तसे डोळे मिटून बुटाच्या टोकाने ताल धरू लागले. हात एकदाही वर झाला नाही. शलाकाने थांबून "झालं, सर" म्हटलं, तरी त्यांचा पाय काही वेळ हलतच राहिला.

"एवढंच?" त्यांनी एक डोळा उघडला.

"एवढंच. दाढ वाचली. फक्त दोन तास काही खाऊ नका."

बाहेर बाकावर विमलबाईंशेजारी क्लासच्या सानवी मॅडम बसल्या होत्या. "अंकल, आमच्या मुलांना शनिवारी असं शिकवाल? गच्ची मोकळीच असते."

मोहनरावांनी बायकोकडे पाहिलं. हसताना त्यांचा अर्धाच चेहरा हलला, पण विमलबाईंना तेवढा पुरला. "येतील हो," त्या म्हणाल्या. "घरी मलाच रांगेत उभं करत असतात."