अंगठ्याला बांधलेली दोरी

दोरी सुती होती, मऊ, धुवून धुवून रंग गेलेली—एक टोक डाव्या पायाच्या अंगठ्याला गुंडाळलेलं आणि दुसरं झोळीला. पत्र्याच्या अँगलला टांगलेली जुन्या लुगड्याची झोळी. अंगठा खाली गेला की ती पुढे यायची, सैल पडला की मागे… संघप्रियाला आता पाय हलवावा लागतच नव्हता, तो आपला आपणच हलायचा, श्वासासारखा, आणि दोन्ही हात मोकळे राहायचे—मेथी निवडायला, लंगोटांच्या घड्या घालायला. आज त्या हातांत मोबाईल होता.

‘मी अनोळखी माणसांत पटकन मिसळते.’

खाली पाच गोल. एका कडेला पूर्ण सहमत, दुसऱ्या कडेला पूर्ण असहमत, मधोमध ‘सांगता येत नाही’. वर घड्याळ उलटं चालत होतं. एकशे वीस विधानं, चाळीस मिनिटं, मागे जायची सोय नाही. परभणीतल्या एका बियाणे कंपनीच्या ऑफिसात फोनवर बोलायची जागा होती. मुलाखतीच्या आधी ही व्यक्तिमत्त्व चाचणी, आणि लिंक आज चारला बंद होणार. सुरुवातीलाच लिहिलं होतं, यात कोणतंही उत्तर बरोबर किंवा चूक नाही. मग निवडणार कशावरून—हे मात्र लिहिलं नव्हतं.

सविताचा सकाळीच फोन येऊन गेला होता. आधीच्या नोकरीत दोघींची टेबलं शेजारी-शेजारी होती.

“मधलं दाबू नको बरं का गं. मधलेवाले घेतच न्हाईत. कडेचं दाब अन् इसरून जा.”

“पण खरं काय ते…”

“खरं ठेव घरी, पातेल्याखाली झाकून. नोकरी पाहिजे का न्हाई तुला?”

पाहिजे. किती पाहिजे ते सविताला सांगता आलं नसतं. चुडाव्याच्या स्टेशनवर सकाळी गाडीची वाट बघत उभी असलेली ती, खांद्याला पर्स, ओल्या केसांना वारा लागतोय, आणि कुणीतरी पूर्ण नावानं हाक मारतंय… संघप्रिया. नऊ महिने झाले, ती सम्यकाची मम्मी होती. आवडायचं तेही. लेकीच्या टाळूला नाक लावलं की दुधासारखा, उन्हासारखा वास यायचा आणि बाकीचं जग कुठेतरी लांब, रुळांपलीकडे राहून जायचं. पण मग दुपारी, अशाच एखाद्या दुपारी, पत्र्याच्या भोकांतून उन्हाचे ठिपके झोळीवर पडायचे, झोळीबरोबर पुढे-मागे सरकायचे, आणि ती त्यांच्याकडे बघत बसायची—मी आता कुठे आहे, मी… आणि ठिपके भिंतीवर चढून जायचे.

‘ताण असतानाही माझा आवाज शांत राहतो.’

पूर्ण सहमत. हे खरंच होतं. तिच्या आवाजाला तर स्टिकर मिळालं होतं.

आधीच्या त्या ऑफिसात प्रत्येक टेबलावर एक तळहाताएवढा आरसा होता. पीक विम्याचे फोन यायचे. बोलताना आरशात बघून हसायचं, म्हणजे समोरच्याला हसू ऐकू जातं, असं शिकवलेलं. सवितानं आपल्या आरशाला टिकली चिकटवली होती, दोन भुवयांच्या बरोबर मधे येईल अशी. परमेश्वर सर काचेच्या केबिनमध्ये सगळ्यांचे फोन ऐकायचे. “हळू बोल गं,” सविता म्हणायची, “परमेश्वर सगळं ऐकतो,” आणि दोघी आरशातल्या आरशात हसायच्या. एका फोनला तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्याच्या पुढे गेलं की आकडा लाल व्हायचा, आणि लाल व्हायच्या आधीच तिच्या पोटात काहीतरी आवळायचं… शिव्या देणाऱ्यांचं काही वाटत नव्हतं. शिव्या लवकर संपतात.

पेडगावकडची कस्तुराबाई मात्र शिव्या देत नव्हती. अर्जाचा नंबर लेकापाशी, लेक परगावी. नाव-गावावरून तो नंबर सापडेपर्यंत ती गाईचं सांगायला लागली. पहाटे व्यायली, वासराच्या कपाळावर पांढरं, “अन् बग माय, उभंच न्हाई ऱ्हायलं ते, मग मी त्याला…” तीन चाळीस. आरशातली बाई हसली. “आपला दिवस शुभ जावो.” टक्. लाल झालं नाही. त्याच दिवशी संध्याकाळी सगळ्यांसमोर तिच्या टेबलावर सोनेरी स्टिकर लागलं, टाळ्या वाजल्या, आणि गाडीतून उतरल्यावर न्यायला आलेला नवरा, नागसेन, म्हणाला, “काय झालं गं एवढं हसायला?” ती हसत होती हे तिला माहीतच नव्हतं. घरी येईपर्यंत गाल दुखत होते.

वासरू उभं राहिलं का?… पोट तेव्हापासूनच सकाळी सकाळी आवळायचं. मग दिवस राहिले आणि सगळ्यांना वाटलं त्याचंच आहे. तिलाही तसंच वाटू द्यावंसं वाटलं.

‘मी कामाचे विचार घरी आणत नाही.’ सहमत. ‘मला माणसांपेक्षा आकडे समजतात.’ असहमत. कडेचं, कडेचं. अंगठा खाली, अंगठा सैल. प्रत्येक गोलाबरोबर एक बाई तयार होत होती—न दमणारी, पटकन मिसळणारी, आणि बाकीची कुठे जात होती कोण जाणे, उन्हाच्या ठिपक्यांसारखी भिंतीवर चढून…

एकशे अठरावं.

‘मी कधीही कुणाचं बोलणं मध्येच तोडलेलं नाही.’

बोट थांबलं. सहमत म्हणावं तर यंत्राला कळेल खोटं आहे; असहमत म्हणावं तर फोनवर बोलायला कोण घेईल? कडेचं दाबायचं होतं, पण दोन्ही कडांना कस्तुराबाईच उभी होती. तीन मिनिटं उरली होती.

“अगं,” दारातून सासूबाई म्हणाल्या. सत्यशीलाबाईंच्या कडेवर सम्यका, टक्क जागी. “काय करायलीस तू?”

“आत्या… ही केव्हा उठली?”

“झोपलीच न्हाई. मघाच उचलली मी. फोनमधी डोकं होतं तुझं, म्हनून बोलले न्हाई.” त्यांची नजर पायाकडे गेली. “रिकामी झोळी हलवायलीस व्हय? थांबव. लेकराचं पोट दुखतं म्हनत्यात.” मग स्वतःलाच जरा ओशाळून, “आपन मानीत न्हाई असलं काही. पर थांबव.”

लेकीला घेऊन त्या बाहेर ओट्यावर गेल्या.

झोळी चपटी होती. उन्हाचे ठिपके तिच्यावरून सरळ जात होते, कुठे उंचवटा नव्हता. इतका वेळ दोरीला वजन नव्हतं, आणि माझ्या अंगठ्याला कळलं नाही… पाय लगेच थांबेना. दोनदा, तीनदा तो आणखी हलला, तिला न विचारता. मोबाईलचा पडदा काळा झाला, त्यात चेहरा दिसला—ओठांचे कोपरे किंचित वर.

तिनं ते कोपरे खाली येऊ दिले. हळूहळू. मग पाय थांबला, आणि दोरीचा वळ असतो त्या जागी ठणकायला लागलं.

पडदा पुन्हा उजळला. एकशे अठरा. एक मिनिट दहा सेकंद. ओट्यावर सम्यका बोलत होती—बाबाबा, दग्गा, मग एक लांबलचक काहीतरी, तक्रार असावी, की गाईचं, की पत्र्यावरच्या पारव्यांचं—आणि सत्यशीलाबाई म्हणत होत्या, “हं… मग?… अगं बाई… मग काय झालं?”

बोट पडद्यापासून केसभर वर होतं. हे एवढं संपू दे, तिला वाटलं, मग दाबते. पोटात आवळायला हवं होतं. तिनं वाट पाहिली; आवळलं नाही. चाळीस… एकोणचाळीस… ओट्यावर पुन्हा नव्यानं सुरुवात झाली होती, आणि ती मान किंचित कलती करून, आतल्या अंधारात, शब्द नसलेलं ते बोलणं शेवटापर्यंत ऐकत राहिली.