भवानी ट्रान्स्पोर्टचं इंजिन

मी बोलतोय. इकडेतिकडे शोधू नका, टेबलाखाली वाका. काळ्या पत्र्याचा डबा, एका बाजूला काच, काचेला तडा, माथ्यावर पुसूनही उरलेला चंदनाचा ठिपका. तोच मी. जगात मला पीसी म्हणतात. कुशल लाडात आला की डबा म्हणतो. गुंडोराव मात्र मला वंडी म्हणतात. तमिळमध्ये वंडी म्हणजे गाडी. मला एकही चाक नाही, तरी तीन नावांतलं हेच मला आवडतं.

माझा जन्म चेन्नईच्या रिची स्ट्रीटवरचा. जन्म कसला, जुळणीच ती. एका दुकानातून मदरबोर्ड, शेजारच्यातून प्रोसेसर, समोरच्या गल्लीतून ग्राफिक्स कार्ड, असा मी तुकड्यातुकड्यांनी गोळा झालो. गोळा करणारा कुशल कराडचा. चेन्नईतच पेरुंगुडीला गाड्यांचे भाग बनवणाऱ्या कंपनीच्या ऑफिसात नुकताच लागला होता. तमिळचा एक शब्द येत नव्हता, संध्याकाळी बोलायला कोणी नव्हतं, म्हणून त्याने खेळायला मला केलं. हे मी अभिमानाने सांगतो, कारण कामासाठी आणलेले संगणक पुष्कळ पाहिलेत, पण मला सोबतीसाठी आणलं होतं.

आम्ही राहायचो अड्यारला, गुंडोरावांच्या घरी, वरच्या खोलीत. कुशल फाटकाशी उभा राहून आईशी फोनवर बोलत होता, ते गुंडोरावांनी ऐकलं आणि तिथेच खोली ठरली. त्यांचं घराणं तंजावरचं. मराठीच बोलतात, पण त्यांची मराठी कित्येक पिढ्यांपूर्वी दक्षिणेत उतरली ती तिथेच थांबली, आणि तमिळच्या शेजारात वाढली. पहिले काही महिने दोघांना एकमेकांचं निम्मंच कळायचं. तरी गॅसवाला, रिक्षावाला, पाण्याचा टँकरवाला आला की गुंडोरावच मध्ये उभे राहून कुशलचं बोलणं त्यांना आणि त्यांचं कुशलला सांगायचे.

गुंडोराव एन्नोरला बंदराजवळच्या एका कचेरीत कारकून होते. अड्यारहून एन्नोरपर्यंत रोज स्कूटर, तीही कंटेनरच्या लॉऱ्यांच्या रांगेतून. त्या लॉऱ्यांचं त्यांना भारी वेड. कचेरीत पोचले की घरी फोन करून एकच शब्द बोलायचे, "पोचलों." त्यांच्या पत्नी भवानीबाई म्हणायच्या, "सेरी. वेळेवर या." सेरी म्हणजे बरं. इतकाच त्यांचा संसारातला प्रेमसंवाद, पण तो एकदाही चुकला नाही म्हणे.

मग काचबिंदू झाला. समोरचं स्वच्छ दिसायचं, बाजूचं विरून गेलं. एकदा वळणावर सायकलवाली बाई त्यांना दिसलीच नाही. कुणाला काही लागलं नाही, पण त्या दिवसापासून स्कूटरची किल्ली भवानीबाईंच्या डब्यात गेली आणि गुंडोराव ओसरीवरच्या खुर्चीत. पेपर पुढे धरून बसायचे, पान मात्र उलटायचे नाहीत. समुद्रावर फिरायलाही जाईनात.

ते पहिल्यांदा वर आले ते कुशलला कुरिअर द्यायला. कुशलने नुकताच लॉरी चालवायचा एक खेळ घेतला होता आणि हौसेने स्टिअरिंग आणि पायातले पेडल आणले होते. गुंडोराव दारातच थांबले. कुशल उठून म्हणाला, बसा काका. ते चपला काढून बसले. समोर पडदा, आरसेसुद्धा पडद्यातच, बाजूला बघायचं कारणच नाही. त्यांनी स्टिअरिंगला हात लावून डोळ्यांना लावला आणि लॉरी इतकी हळू बाहेर काढली, की मला वाटलं मीच बंद पडलोय.

तेव्हापासून ते रोज यायचे. मी पुष्कळ खेळणारे पाहिलेत. कुशलचे मित्र लॉरी नदीत घालायचे आणि हसायचे. गुंडोराव मात्र रात्रीच्या निर्मनुष्य चौकात, तेही खेळातल्या, लाल दिव्याला थांबायचे. वळणावर हॉर्न द्यायचे. खेळात आपली वाहतूक कंपनी काढता येते, तिला त्यांनी नाव दिलं भवानी ट्रान्स्पोर्ट. बाईंना कळलं तेव्हा त्या लाजून जिन्यातच थांबल्या. लॉरीवर माझं नांव, लोक काय म्हणतील, असं पुटपुटल्या, आणि मग रोज कॉफी घेऊन वर येऊ लागल्या, आज कोणत्या गावाला जाणार ते विचारायला. माल पोचवला की गुंडोराव जिन्याकडे तोंड करून सांगायचे, "पोचलों." खालून उत्तर यायचं.

सगळं बरं चाललं होतं, तोवर माझ्याच पडद्यावर नोटीस आली. माझ्या अंगात विंडोजची जुनी आवृत्ती होती. ऑक्टोबरपासून तिची सुरक्षेची डागडुजी थांबणार, आणि नवी आवृत्ती घ्यायला माझा प्रोसेसर जुना पडलेला. मी धडधाकट होतो हो. पंखा जरा कुरकुरायचा, पण ते तर वयाप्रमाणे कुणाचंही होतं. दुकानदाराने कुशलला फोनवर सांगितलं, मोडीत घाला.

कुशलने नोटीस बाजूला सारून खेळ चालू ठेवला असता. गुंडोराव ठेवणार नव्हते. ज्यांचं आयुष्य नोटिशी फाइलला लावण्यात गेलं, त्यांना नोटीस आली म्हणजे आलीच. "एफसी संपलेली वंडी रस्त्यावर आणणें गुन्हा आहे," ते म्हणाले आणि उठले. इथे लॉरीच्या फिटनेस सर्टिफिकेटला सगळे एफसीच म्हणतात. कुशलने परोपरीने सांगितलं की काका, हा रस्ता खोटा आहे. ते म्हणाले, नियम खरा आहे ना?

कुशलसोबत ऑफिसात निधी नावाची मुलगी आहे, नागपूरची, बोलायला फटकळ. तिने त्याला वेड्यात काढलं. विंडोज काढून लिनक्स घाल, फुकट मिळतं, म्हणाली. आता खेळणारे कितीतरी लोक तिकडे वळलेत, आणि असली जुनी यंत्रं त्याच्यावर मस्त चालतात. कुशलला शंका. खेळ तर विंडोजसाठी लिहिलेले. निधी म्हणाली, मध्ये एक दुभाषी बसतो. खेळ आपल्या भाषेत मागतो, तो लिनक्सच्या भाषेत मागून आणतो. "तुझ्यासाठी गॅसवाल्याशी काका बोलतात ना, तसं." एक मात्र तिने आधीच बजावलं. कराडच्या मित्रांबरोबर कुशल जो बंदुकांचा खेळ खेळायचा, तो चालणार नाही. त्याचा लबाडी पकडणारा पहारेकरी लिनक्सवाल्यांना दारातच अडवतो.

कुशल घर बदलून पेरुंगुडीला जाणार होता, रोजच्या वाहतुकीला कंटाळून. नवा लॅपटॉप मागवलेला होता. बंदुका तो तिकडे चालवेल, मी खाली काकांकडे राहीन, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही, पण मी खूश होतो.

मग आली आयुधपूजा, दसऱ्याच्या आदल्या दिवशीची. त्या दिवशी चेन्नईत प्रत्येक हत्याराला सुट्टी. रिक्षा, शिवणयंत्र, ऑफिसातले संगणक, सगळ्यांना चंदनकुंकू, आणि दुसऱ्या दिवशी दशमीला गाडी सुरू करून चाकाखालचं लिंबू चिरडायचं. भवानीबाईंनी मला पुसून चंदन लावलं, स्टिअरिंगला शेवंतीची माळ घातली. लिंबू हातात घेऊन मात्र अडल्या. वंडीला चाकं कुठायत? गुंडोरावांनी गंभीरपणे विचार केला. वंडी चालते ती एक्सलरेटरने, मग निंबू त्याच्याखालीच हवं. कुशलने हसत हसत फोटो काढून निधीला पाठवला.

दशमीला गुंडोरावांनी आंघोळ करून, चपला काढून पाय दिला. लिंबू फुटलं. साल त्यांनी झाडाखाली टाकली, बाईंनी फरशी पुसली. रस कुठे गेला हे एकट्या मला कळलं, कारण पेडलाकडून मला जे स्वच्छ आकडे येत, त्यांचा क्षणात चिकट घोळ झाला आणि मग तिथून काही येईनाच. मी ओरडलो असतो, पण मला ओरडायची सोय दिलेली नाही.

आणि शुभ दिवस म्हणून कुशलने त्याच दुपारी लिनक्स घातलं. खरं सांगतो, मला मोकळं वाटलं. उगाच चाललेली कितीतरी कामं अंगावरून उतरली. संध्याकाळी खेळ उघडला, पडद्यावर भवानी ट्रान्स्पोर्ट जशीच्या तशी आली, आणि भवानीबाईंनी तोंडाला पदर लावला. गुंडोराव बसले. स्टिअरिंग वळलं, ब्रेक लागला, हॉर्न वाजला. लॉरी मात्र जागची हलली नाही.

कुशलला वाटलं, लिनक्सच नडतंय. वाचलं तेही तसंच, की अमुक स्टिअरिंगचे पेडल तिकडे नीट ओळखले जात नाहीत. निधी दोनतीनदा येऊन गेली. हे बदल, ते परत घाल, असं त्यांनी माझ्या अंगात काय काय ढवळलं. दुसऱ्या यंत्राला लावून बघावं, तर ऑफिसच्या लॅपटॉपला परक्या वस्तू जोडायला बंदी आणि नवा अजून यायचा होता. कुशल चिडून म्हणायचा, फुकटचं ते फुकटचंच. मला लिनक्सची फार दया यायची. बिचारं नवं आलेलं, आणि आल्या दिवसापासून दुसऱ्याचा आळ घेऊन बसलेलं.

पण खरं दुःख ते नव्हतंच. एका संध्याकाळी कुशल कपाळाला हात लावून बसला होता. गुंडोराव खुर्चीतून उठले, उजव्या पायाकडे बघत राहिले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "यंत्रास बोल लावूं नको, कुशल. माझ्याच पायांत जोर उरला नाहीं. डोळे गेले, आतां पाय."

कुशल नाही नाही म्हणाला. त्याने स्वतः पाय देऊन दाखवला, लॉरी त्यालाही हलली नाही. पण म्हाताऱ्या माणसाने एकदा मनाशी ठरवलं की त्याला पुरावा पटत नाही. दुसऱ्या दिवशी ते वर आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. ओसरीवरची खुर्ची, न उलटलेलं पान. भवानीबाई कॉफी घेऊन सवयीने जिना चढायच्या आणि अर्ध्यातून परत फिरायच्या. त्या घरात मला पहिल्यांदाच एकटं वाटलं.

कुशलचा जायचा दिवस आला. नव्या जागेत मला जागा नव्हती, खाली मला बघून काकांना वाईट वाटेल, म्हणून भंगारवाल्याला सांगितलं. त्याची हातगाडी फाटकाशी उभी राहिली. माझ्या तारा काढल्या गेल्या. मी काय करणार? जुळणी करून जन्मलेल्याचे शेवटी सुटे भागच व्हायचे, अशी मनाची समजूत घालत होतो.

तेवढ्यात भवानीबाई ओला फडका घेऊन आल्या. पूजा केलेली वस्तू अंगावर कुंकवाचे डाग घेऊन घराबाहेर जायची नाही, हा त्यांचा हट्ट. मला पुसलं, स्टिअरिंग पुसलं. मग पेडल उचलून उलटे केले. फटीतून काहीतरी फरशीवर पडलं. त्यांनी ते चिमटीत उचललं, बोटं एकमेकांना चिकटली. त्यांनी बोट नाकाशी नेलं.

"कुशल," त्या म्हणाल्या, "हें निंबूचें बी."

कुशलने आधी बीकडे बघितलं, मग पेडलकडे, मग मटकन जमिनीवरच बसला. निधीला फोटो पाठवताना आपणच हसलो होतो, हे त्याला आठवलं असावं. भंगारवाल्याला बाईंनी रद्दी देऊन वाटेला लावलं. कुशलने पेचकसाने पेडल खोलले, आतला वाळका रस स्पिरिटने पुसला, पंख्याखाली वाळवले. गुंडोराव दारात उभे राहून बघत होते. कुणी त्यांना बसा म्हटलं नाही. मला खालच्या खोलीत लावलं, बटण दाबलं, तेव्हा त्यांनी आपणहून चपला काढल्या.

मला पेडलाकडून पहिला आकडा आला तो इतका हलका होता, की तो घाबरलेला पाय आहे हे मला कळलं. मग जरा जास्त. लॉरी थरथरली आणि निघाली. गुंडोराव लॉरीकडे बघतच नव्हते, पायाकडे बघत होते. "जोर आहे," ते स्वतःशीच म्हणाले. कुशल म्हणाला, काका, समोर बघा, झाडावर घालाल.

आता मी खालीच असतो. कुशल पेरुंगुडीहून रविवारी आपली लॉरी घेऊन खेळात येतो आणि दोघे एकामागे एक जातात. पुढे जायला कुशलला परवानगी नाही. त्याचा बंदुकांचा खेळ माझ्यावर अजूनही चालत नाही. कधी चालेल ते मला माहीत नाही, आणि खोटी आशा मी लावणार नाही. माझं वय झालंय, पंखा कुरकुरतो. पण रोज सकाळी अंगात जीव येतो.

एकच मागणं आहे. तुमच्याही घरात माझा कुणी भाऊ कोपऱ्यात धूळ खात असेल, नोटीस आली म्हणून. त्याला मोडीत घालण्याआधी एकदा पुसा, उलटा करून बघा. आणि घरातलं कुणी वडीलधारं माझ्यात आता जोर नाही म्हणालं, तर तेही लगेच खरं धरू नका. पुढच्या आयुधपूजेला लिंबू जरूर ठेवा, फक्त बशीत.

बरं, आता पुरे. लॉरी मालाच्या गोदामात शिरतेय, गुंडोराव हळूहळू मागे घेतायत. आत स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज थांबलाय. बाईंनी नळही बंद केला, म्हणजे तो एक शब्द ऐकायचा राहायला नको.