सगळा वर्ग पास आउट

मित्रांनो, मी शाळेतले एक जुने स्ट्रेचर आहे. दोन दांडे आणि मध्ये जाड कापड, एवढाच माझा जीव. नवे होते तेव्हा मैदानावर माझा काय थाट होता! मुरगळलेले पाय, फुटलेले गुडघे, सगळ्यांना मी अंगावर घेतले. काही पठ्ठे तर गणिताचा तास चुकवायला मुद्दाम लंगडत यायचे. पुढे मैदानावर इमारत उभी राहिली, मी अडगळीत गेले आणि माझ्यावर मोडक्या खुर्च्यांचा ढीग पडला.

मग शाळेत नव्या नर्सबाई आल्या. आधी त्या एका मोठ्या इस्पितळात होत्या. एकदा इंग्रजीचे सर त्यांना म्हणाले, "शनिवारी सभागृहात या हं. शेवटचा वर्ग पास आउट होणार आहे."

बाईंच्या हातातला कापूस हातातच राहिला. इस्पितळात कुणी चक्कर येऊन पडले, की डॉक्टर म्हणायचे, पेशंट पास आउट झाला. त्यांनी विचारले, सगळा वर्ग? सर म्हणाले, सगळा, दरवर्षी होतो. मग पालक काही बोलत नाहीत? तर म्हणे, पालक नटूनथटून बघायला येतात, फोटो काढतात, काही आया तर आनंदाने रडतात.

बाईंनी कपाळाला हात लावला. त्याच दुपारी त्यांनी मला ढिगाखालून ओढून काढले, धुतले, माझ्या उसवलेल्या कडा शिवल्या. खरे सांगते, मला नवा जन्म मिळाल्यासारखे वाटले.

शनिवारी बाई आणि मी मंचाशेजारी सज्ज होतो. सोबत साखरपाण्याचे भांडे. खिडक्या सताड उघड्या. मुख्याध्यापिका माइकवर म्हणाल्या, "आता ही मुलं तुमच्या डोळ्यांदेखत पास आउट होतील."

बाई ताडकन उठल्या. "मी इथे असताना एकही होणार नाही."

असे म्हणून त्यांनी साखरपाण्याचे भांडे पुढे सरकवले. घोळ कळला तेव्हा सर ओशाळले. त्यांनी माइक घेऊन सांगितले, की बाईंचे बरोबर आहे. इंग्रजीत पास आउट म्हणजे बेशुद्ध पडणे. लष्करात शिकणारी मुले प्रशिक्षण संपवून पास आउट होतात, तेही बरोबर. शिक्षण पूर्ण झाले, तर मात्र ग्रॅज्युएट झाला म्हणावे. आपण शाळेसाठी पास आउट म्हणतो ते आपल्याला कळते, पण नवख्याला धडकी भरते. सगळे पोट धरून हसले.

मग नावे पुकारली जाऊ लागली. शिपाईमामांची मुलगी उठली. मुलांतर्फे भाषण तिलाच करायचे होते, त्या धास्तीने तिने सकाळपासून काही खाल्ले नव्हते. पहिल्या पायरीवरच ती कोसळली. बाईंनी तिला वरच्यावर झेलले. माझे एक टोक सरांनी उचलले, दुसरे मामांनी. मामांनी इतकी घाई केली, की मीच जीव मुठीत धरला.

"बाळा, आधी डोळे उघड," ते म्हणाले. "पास नंतर हो."

खिडकीच्या वाऱ्याने तिने डोळे उघडले. साखरपाणी पिऊन तिने पहिला प्रश्न विचारला, "माझे नाव पुकारून झाले का?" मुख्याध्यापिका स्वतः खाली आल्या आणि माझ्यावर बसलेल्या तिच्या हातात त्यांनी प्रमाणपत्र ठेवले.

"सगळ्या वर्गात ही एकटीच दोन्ही अर्थांनी पास आउट झाली," सर म्हणाले. मामा हसता हसता डोळे पुसत होते. भाषणही तिने केले, पण बसूनच.

मित्रांनो, शब्द वापरण्याआधी त्याचा अर्थ विचारून घ्या. समारंभाला जाताना दोन घास खाऊन जा. आणि माझ्यासारख्यांवरची धूळ अधूनमधून झटकत जा. कोण कधी कुठल्या अर्थाने पास आउट होईल, काही नेम नाही.