कुंचीचं माप

हेमंताचं कोवळं, केशरकांती ऊन कृष्णाकाठच्या हळदीवर उतरलं होतं. रुंद हिरव्या पानांवर तेज होतं, पाटात चंचल, रुपेरी पाणी होतं. लेकीच्या बारशाच्या सकाळीही पाण्याची पाळी कुणाला चुकते? बाळाचा बाप शशिकांत वाफ्यांची दारं धरत होता, आणि माहेरी आलेली त्याची धाकटी बहीण पद्मजा बांधावरून पाहत होती.

वाफा भरला की खोरंभर माती टाकायची, पाणी थांबवायचं. थांबवणारा हात नसला, तर जीवनदायी पाणीच पीक कुजवतं.

पद्मजाच्या देहातला तो हात थिटा होता. पीटेन त्याचं नाव. पेशीच्या स्निग्ध पडद्यावर 'वाढ, वाढ' असा निरोप तेवत ठेवणारा फॉस्फेटचा कण उचलून घ्यायचा, एवढंच त्या एन्झाइमचं मूक, अखंड, कल्याणकारी काम. तिच्यात ते जन्मतःच अपुरं. म्हणून छातीत गाठ आली, डावा स्तन गेला. आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तिचं मस्तक मोठं तेही बहुधा त्यामुळंच.

तसल्या मोठ्या मस्तकांचा तिच्या माहेरच्या चौगुल्यांना केवढा तोरा! भाग्य मोठं म्हणून डोकं मोठं. आत्यानं शिवायची बाळाची कुंची दोन बोटं वाढवूनच बेतायची, ही घरची रीत. पद्मजाच्या दोन आत्या ऐन तारुण्यात गाठींनी गेल्या, त्याचं खापर मात्र नशिबावर.

दुपारी झेंडूच्या माळांत पाळणा सजला. पद्मजानं शिवलेली जांभळी, जरीकाठी कुंची बाळाला घातली. तंतोतंत बसली.

"लेक चौगुल्यांचीच गं!" बायका हरखल्या. पद्मजानं कुंचीच्या काठात बोट घालून पाहिलं: वाढवलेली दोन बोटंही भरली होती.

नाव आत्यानं कानात सांगायचं. ती पाळण्यावर वाकली, आणि थांबली.

"दादा, तुझं रक्त तपासून घे. तुझ्यात दोष निघाला तर हिचंबी. सबूद दे, मगच नाव ठेवते."

"अगं, भरल्या घरात हे काय काढलंस?" आई कळवळली.

"भरलं घर रितं व्हायला नको, म्हणूनच."

पाळण्याची दोरी स्तब्ध झाली. शशिकांतनं बहिणीच्या सपाट पदराकडं पाहिलं, मग लेकीच्या कुंचीकडं.

"उद्याच जातो, पदू."

"कुर्रर्र..." पद्मजानं कानात नाव सांगितलं: रेवती.

रीतीप्रमाणं तिच्या पाठीवर धपाटे बरसले. शस्त्रक्रियेची जागा ठणकली, पण ती हटली नाही. धपाटे पडत राहिले, पाळणा झुलत राहिला. आणि दूर मळ्यात, भरल्या वाफ्याच्या तोंडाशी, ओल्या मातीला टेकून पाणी थांबलं होतं.