पिस्टनवरचे डाग

हरियाणातल्या मानेसरच्या कारखान्यात पिस्टन तपासणारा कॅमेरा आला आणि मॅनेजर जयंतरावांना शिंगंच फुटली. सोमवारी सकाळी त्यांनी सेटिंग पार शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलं.

"पन्नास लाख ठिपक्यांचा कॅमेरा आहे, मॅडम. कमीवर का चालवायचा? फुल रेझोल्यूशन, बिल्कुल!"

मॅडम म्हणजे तपासणी विभागातली लतिका. तिने मान डोलावली.

दुपारपर्यंत दोनशे पिस्टन नापास. पडद्यावर प्रत्येकावर बारीक काळे डाग. जयंतरावांनी खापर फोडलं ते हणमंतवर. सहा वर्षं भट्टीवर ओतकाम करणारा साताऱ्याकडचा कंत्राटी माणूस. संध्याकाळी त्याचा गेटपास काढून घेतला.

मंगळवारी सकाळी लतिकाने एकच पिस्टन दोनदा कॅमेऱ्याखाली ठेवून बघितला. डाग जागा बदलत होते. खरा डाग कधी हिंडतो होय? कॅमेऱ्याच्या पेटीतला दिवा मिणमिणता, कॅमेऱ्याचे ठिपके इतके बारीक, एकेकाच्या वाट्याला उजेड येणार तो किती? कॅमेरा तो वाढवून दाखवणार, आणि त्याच्याबरोबर खोट्या डागांचा कचराही. चार ठिपक्यांचा एक करायचं सेटिंग लावलं, डाग साफ गायब. एका बटणाचं काम! आणि हा दीडशहाणा नुसता आकडा बघून हुरळलेला.

पण हे त्याला कोपऱ्यात नेऊन सांगायचं? छे! शुक्रवारी प्लांट हेडसमोर मीटिंग होती. लतिकाने सेटिंग परत शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलं.

शुक्रवारी तिने सगळ्यांदेखत बटण दाबलं. जयंतरावांचं तोंड एवढंसं झालं. काय मजा आली तिला! प्लांट हेड म्हणाले, "उस आदमी को वापस बुलाओ."

तिने बाहेर येऊन फोन लावला. "हणमंतभाऊ, तुमचे पिस्टन चांगले होते. या परत."

"गावी आलोय, ताई. परवाच खोली सोडली. पोरांचे शाळेतले दाखलेही काढले. मला वाटलं, माझाच हात बिघडला. घरात तसंच सांगितलं. हे कळलं कधी, ताई?"

लतिकाला स्वतःची शिसारी आली.

"आत्ताच," ती म्हणाली. "मीटिंगमध्ये."

"लई उपकार झाले, ताई," हणमंत म्हणाला आणि रडायला लागला.