कात्री लावण्याआधी

तिरुमलराव वारलेल्या बायकोची रेशमी साडी घेऊन आमच्या शिवणाच्या दुकानात आले, तेव्हा माझ्या वडिलांचं, अप्पांचं, वजन तीन महिन्यांत अकरा किलोंनी उतरलं होतं. तिरुमलरावांच्या मुलीच्या लग्नासाठी त्या साडीचा घागरा शिवायचा होता.

आम्हा शिंप्यांत एक नेम आहे. ज्यानं कापड कापलं त्यानंच ते शिवायचं. पुरं होणार नसेल तर कात्री न लावता परत करायचं. अप्पांनी साडी घडीतच ठेवली होती. त्यांच्या पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर आईशी आणि माझ्याशी बोलले होते. फार तर दोन महिने. त्यांना सांगायचं नाही, अशी आईनं मला शपथ घातली होती.

मी कॉलेजात फिजिक्स शिकवते. रविवारी दुपारी अप्पांनी मला मशीनजवळ बसवलं.

"तो सूर्य कशावर चालतो म्हणालीस?"

"हायड्रोजनवर. आत दीड कोटी अंश उष्णता असते. हायड्रोजनची चार केंद्रकं टप्प्याटप्प्यानं जुळून हेलियमचं एक होतं. त्या एकाचं वजन चारांपेक्षा कमी भरतं, हजारात सात भाग. तेवढ्याचा प्रकाश होतो."

"चार तुकडे जोडले नि वजन घटलं? गिऱ्हाईक कापडचोर म्हणेल की गं!"

आई आतून हसली.

"आणि आतलं संपत आलं, की बाहेरून कळतं?"

"मंदावत नाही, अप्पा. गाभा आकसतो, जास्त तापतो. सूर्य उलट उजळत जातो."

अप्पांनी घडीतली साडी पुढं ओढली. नव्या गोळ्यांनी गेले चार दिवस त्यांना भूक लागत होती. त्या गोळ्यांनी गाठ जाणार नव्हती, हे मला ठाऊक होतं.

"मग अजून किती?"

"पाचशे कोटी वर्षं."

"सूर्याचं नाही गं. कात्री लावू, की परत देऊ?"

आई दारात येऊन उभी होती.

"लावा," मी म्हणाले.

"सरी, लावतो तर," म्हणत त्यांनी खडू उचलला.

त्यानंतर नवव्या दिवशी त्यांना उठवेना. विसाव्या दिवशी ते गेले.

दुसरा कुणी शिंपी ते काम घेईना. कापलेली साडी मी तिरुमलरावांकडे नेली. त्यांनी तुकडे सोफ्यावर मांडले, काठाला काठ लावून पाहिला.

"तुमच्या अप्पांना आपल्या दुखण्याचं ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं. मला होतं."

ते तुकडे एकेक करून गोळा करू लागले. मला बसा म्हणाले नाहीत.