फक्त अक्षरं चालतील

वाचनालयाच्या दारावर आठवड्याच्या पाहुण्याचं नाव रंगवायचं काम इतकी वर्षं अण्णांचं होतं. गेल्या वर्षी तिथे दिव्यांची पाटी लावायचं ठरलं, आणि ती चालवणारा प्रोग्राम लिहायला घेतला कोणी? तर त्यांच्याच लेकीने! झालं. पेंटरबुवांनी लेकीशी बोलणंच टाकलं. काही हवं असलं तरी "तिला सांग" म्हणून आईकडे निरोप. वर्ष होत आलं तरी गडी हटायला तयार नाही.

आज पाटी सुरू व्हायची होती. लेकीने मनाशी पक्कं केलं होतं, पहिलं नाव झळकेल ते अण्णांचं. ग्रंथपाल बाईंनी गळ घातली म्हणून अण्णा आले खरे, पण चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा.

तिने नाव टाइप केलं. पाटीवर लाल ओळ आली, 'नावात फक्त अक्षरं चालतील.' कुणा टवाळाने आकडे, फुल्या, ठिपके घुसडू नयेत म्हणून तिनेच घातलेली तपासणी ही. एकेक खूण बघायची, अक्षर असेल तर आत, नाहीतर बाहेर. तिने पुन्हा टाइप केलं. पुन्हा तेच.

"बाई, मी निघतो," अण्णा ग्रंथपाल बाईंना म्हणाले. "माझं नाव काही बसत नाही तुमच्या पाटीत."

ऑफिसात करून पाहिलं तेव्हा तर सगळं बिनबोभाट चाललं होतं! पण तिथे घाईगडबडीत तिने टाइप केलं होतं काय, तर स्वतःचं नाव. साधी तीन अक्षरं, ना काना, ना वेलांटी. पोरीला लवकर लिहिता यावं म्हणून अण्णांनीच हौसेने शोधलेलं.

आणि एकदम तिला ती शिडी आठवली. शाळा सुटली की ती खाली शिडी धरून उभी. अण्णा जाड ब्रशने आधी नुसती अक्षरं ओळीने काढायचे, मग बारीक ब्रश घेऊन काने, मात्रा, वेलांट्या. अर्धवट पाटी वाचून ती खो खो हसायची आणि अण्णा वरून दटावायचे, "ए बये, शिडी हलवू नकोस!" टर्पेंटाइनचा वास, त्यांच्या पायांवरचे रंगाचे शिंतोडे. किती सुखाचे दिवस होते ते! आता हाच माणूस तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हता.

अगं बाई! प्रोग्रामही ओळखत होता ती जाड ब्रशची अक्षरंच. काना त्याच्या लेखी अक्षर नव्हताच. त्याला त्याने फुल्या-ठिपक्यांबरोबर दाराबाहेर काढलं होतं.

"अण्णा, दोन मिनिटं थांबा. पाया पडते तुमच्या."

अण्णांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं, पण ग्रंथपाल बाई दारातच ठाण मांडून उभ्या राहिल्या. तिने तपासणीत भर घातली. अक्षर चालेल, आणि अक्षराला जोडलेली खूणही चालेल. तिने पुन्हा नाव टाइप केलं.

पाटी उजळली. अण्णांचं नाव, काना-वेलांटीसकट. बाईंनी टाळ्या वाजवल्या.

अण्णा मान वर करून बघत राहिले. मग त्यांनी डोळे बारीक केले.

"वेलांटी बुटकी आलीय गं," ते म्हणाले. बाईंना नव्हे, लेकीला.

तिला रडूच फुटलं. "कुठे? दाखवा ना," ती कशीबशी म्हणाली, आणि अण्णा काठी टेकत तिच्या शेजारी येऊन उभे राहिले.